अकिलिसची दुखापत: कुणाचा धक्काही न लागता खेळाडू का कोसळतो?

२२ जून २०२५. एनबीए बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात चेंडू घेऊन पुढे झेपावायला गेला आणि खाली पडला. अंगाला कुणाचा धक्का लागला नव्हता. जमिनीवर हात आपटणाऱ्या हॅलिबर्टनला पाहून काय झालं असेल याचा अंदाज बघणाऱ्यांना लगेच आला. उजव्या पायाची, टाचेमागची अकिलिस कंडरा तुटली होती. त्या एकाच हंगामात एनबीएतल्या सात खेळाडूंची हीच कंडरा तुटली. जेसन टेटम आणि डेमियन लिलार्ड हे मोठे खेळाडूही त्यांत होते.

आपल्याकडे याच कंडरेचं नाव घराघरांत पोहोचलं ते मोहम्मद शमीमुळे. १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर न्यूझीलंडचे ७ गडी बाद करणारा शमी त्या विश्वचषकात ७ सामन्यांत २४ बळी घेऊन गेला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या उजव्या टाचेवर, अकिलिस कंडरेवर शस्त्रक्रिया झाली. रणजी सामन्यातून तो मैदानात परतला तो थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि भारताकडून पुन्हा खेळला जानेवारी २०२५ च्या अखेरीस. विश्वचषकापासून मोजलं तर चौदा महिने.

हाड मोडलं तर दीड-दोन महिन्यांत जुळतं. मग टाचेमागच्या या एका पट्ट्याला वर्ष का लागतं? आणि ती धडधाकट माणसाच्या पायात अचानक तुटतेच कशी? हे प्रश्न फक्त व्यावसायिक खेळाडूंचे नाहीत. ही कंडरा तुटणाऱ्यांत सर्वांत जास्त भरणा असतो तो ३० ते ५० वयाच्या, आठवडाभर खुर्चीत बसून शनिवार-रविवारी खेळणाऱ्या पुरुषांचा. ऑफिस सुटल्यावर टर्फवर क्रिकेट खेळणारे, सोसायटीच्या कोर्टवर बॅडमिंटन खेळणारे, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी ऑक्टोबरात जागे होणारे, सगळे यात येतात.

पोटरी आणि टाच यांच्या मध्ये

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, पांढऱ्या पट्ट्याला कंडरा म्हणतात. बोलताना आपण तिला ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणतो, पण तिच्यातून ना रक्त वाहतं ना संदेश. ती ओढ पोहोचवते. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन एकत्र होतात आणि त्यांची मिळून ही कंडरा बनते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. टाचेच्या हाडाला ती मागून चिकटते. बोटांच्या चिमटीत धरलीत तर घोट्याच्या मागे सहज हाताला लागते.

त्या दोन स्नायूंपैकी वरचा, बाहेरून दिसणारा, गुडघ्याच्या वरून सुरू होतो. दुसरा त्याच्याखाली दडलेला, गुडघ्याच्या खालून सुरू होणारा. पुढे व्यायामाच्या वेळी हा फरक कामाला येईल, म्हणून लक्षात असू द्या.

शरीरातली ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा. धावताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. ७० किलोचा माणूस असेल तर जवळपास अर्धा टन, आणि एका किलोमीटरमध्ये असे शेकडो वेळा. पाऊल टेकताना ती ताणली जाते, त्या ताणात ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना परत देते. माणूस इतकं लांब धावू शकतो त्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

पण या बळाची एक किंमत आहे. तिचा रक्तपुरवठा तुटपुंजा, आणि त्यातही टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वरचा भाग सर्वांत कोरडा. बहुतेक वेळा ती तिथेच झिजते आणि तिथेच तुटते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक थक्क करणारी गोष्ट दाखवली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात शिरला होता. त्याचं मोजमाप केल्यावर कळलं, की अकिलिस कंडरेचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. स्नायू सतत नव्याने बांधला जातो. कंडरेचा गाभा मात्र शाळेत असताना जो तयार झाला तोच आयुष्यभर पुरवायचा असतो.

‘कालपर्यंत तर काहीच दुखत नव्हतं!’

कंडरा तुटलेला जवळजवळ प्रत्येक जण हे म्हणतो, आणि ते खरंही असतं. विहिरीच्या रहाटाचा दोर आठवा. रोज घासून त्याचा एकेक पीळ उसवत असतो, तरी तो महिनोन् महिने घागर वर आणतो. एक दिवस नेहमीच्याच घागरीला तो तुटतो. त्या दिवशी घागर जड नव्हती, दोर आधीच निम्मा उरला होता.

फिनलंड आणि हंगेरीतल्या संशोधकांनी १९९१ मध्ये अशा अचानक तुटलेल्या, अकिलिससह वेगवेगळ्या, ८९१ कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांतल्या ९७ टक्क्यांमध्ये झिजेच्या जुन्या खुणा सापडल्या. यांतल्या बऱ्याच लोकांना आधी कसलाही त्रास नव्हता. कारण वेदना आणि झीज यांचं गणित सरळ नाही. झिजलेली कंडरा मुकाट राहू शकते आणि दुखणारी कंडरा वर्षानुवर्षं शाबूत राहू शकते.

काहींना मात्र इशारे मिळालेले असतात. चीनच्या लिऊ श्यांगने २००४ मध्ये अथेन्सला ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण जिंकलं. २००८ मध्ये बीजिंगला, स्वतःच्या देशवासीयांसमोर, याच कंडरेच्या दुखण्याने त्याला पहिल्या फेरीतून माघार घ्यावी लागली. २०१२ मध्ये लंडनला पहिल्याच अडथळ्याशी ती तुटली. एका पायावर उड्या मारत तो शेवटच्या अडथळ्यापर्यंत गेला आणि त्याचं चुंबन घेतलं.

तुटण्याचा क्षण बहुधा ठरावीक असतो. गुडघा सरळ होत असतो, घोटा वाकलेला असतो आणि त्याच वेळी माणूस जोरात पुढे रेटा देतो. बास्केटबॉलमधली झेप, बॅडमिंटनमध्ये मागे जाऊन पुन्हा पुढे येणं, यष्ट्यांमध्ये चोरटी धाव घेताना टाकलेलं पहिलं पाऊल, सगळ्यांत हेच घडतं. खो-खोमध्ये ‘खो’ मिळताच उकिडव्या बसलेल्या खेळाडूचा उठावही याच जातीचा.

दुखणं म्हणजे सूज नव्हे

तुटण्याआधीची, किंवा कधीच न तुटता चालू राहणारी, दुसरी तक्रार कितीतरी जास्त आढळते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं टाच आखडलेली, दुखरी. मग चालल्यावर सैल पडते. धावायला सुरुवात केली की दुखतं, अंग तापलं की कमी होतं आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट परत येतं. ‘धावलं की बरं वाटतं’ म्हणून माणूस धावत राहतो आणि महिन्यागणिक कंडरा जाड होत जाते.

बरीच वर्षं डॉक्टरही याला सूज मानत आले. तपासणीत मात्र नेहमीची सूज फारशी दिसत नाही. दिसतात ते विस्कटलेले तंतू आणि पुरती न झालेली डागडुजी. म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन चार दिवस बरं वाटतं, पण कंडरा आहे तिथेच राहते.

‘मग आराम केला की झालं ना?’

नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दोर ठेवून दिला तर निदान आणखी झिजत नाही. कंडरा ठेवून दिली तर अशक्त होते. ती जिवंत आहे, आणि तिच्यावर येणारा ताण हाच तिच्यासाठी सुधारण्याचा निरोप असतो. म्हणून दोन महिने पूर्ण आराम करून परत मैदानात उतरणाऱ्याचं दुखणं पंधरवड्यात परत येतं. मधल्या काळात वेदना गेलेली असते, ताकदही गेलेली असते, आणि खेळाची मागणी पूर्वीइतकीच असते.

ही समज आली त्याची कथा मोठी विलक्षण आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन स्वतः धावत आणि त्यांची अकिलिस दुखायची. शस्त्रक्रिया करा म्हटल्यावर वरिष्ठांनी नकार दिला, कारण त्यांची रजा विभागाला परवडणारी नव्हती. कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा विचाराने आल्फ्रेडसन मुद्दाम तिच्यावर जास्तीत जास्त ताण देऊ लागले. ती तुटली नाहीच, उलट दुखणं गेलं. १९९८ मध्ये त्यांनी हाच व्यायाम १५ हौशी धावपटूंना दिला. ते सगळे पुन्हा धावू लागले.

व्यायाम असा: जिन्याच्या पायरीवर चवड्यांच्या आधारे उभं राहायचं, टाचा बाहेर. दोन्ही पायांनी वर जायचं, मग दुखऱ्या एकाच पायावर सगळं वजन घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. १५ वेळा, असे ३ फेरे. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण गुडघा वाकवला की आतल्या दुसऱ्या स्नायूवर काम जातं. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. हिशेब केलात तर दिवसाला १८० वेळा! पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये दिसलं की आठवड्यातून तीनदा, जड वजन घेऊन, संथ गतीने टाचा उचलल्या तरी फळ तेवढंच मिळतं, आणि लोक तो क्रम जास्त आनंदाने पाळतात. नोकरी करणाऱ्या माणसाला मी हाच सुचवेन.

एक सावधगिरी. दुखणं कंडरेच्या मधोमध नसून थेट टाचेच्या हाडावर असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका. त्या स्थितीत कंडरा हाडावर दाबली जाते. सपाट जमिनीवर करा.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर? चालतं. शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतचं दुखणं सहन करायला हरकत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर यायला हवं आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. स्वीडनमध्ये हा नियम पाळून काही जणांना उपचार चालू असताना धावूही दिलं गेलं, आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

इंजेक्शनांबद्दल स्पष्ट लिहितो. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीच्या (प्लेटलेट भरपूर असलेल्या रक्तद्रवाच्या) इंजेक्शनाला शहरांत चांगले पैसे मोजावे लागतात. जुनाट अकिलिस दुखण्यावर २०१० आणि २०२१ मध्ये झालेल्या नीट आखलेल्या चाचण्यांत ते खोट्या इंजेक्शनाहून सरस ठरलं नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन थोडे दिवस आराम देतं, पण कंडरा कमकुवत करून तुटण्याचा धोका वाढवू शकतं. सामना तोंडावर आलाय म्हणून ते कुणी देऊ केलं तर नाही म्हणायची हिंमत ठेवा.

तुटली हे कसं ओळखायचं?

मागून कुणी लाथ मारली किंवा बॅट हाणली असं वाटतं. माणूस वळून बघतो, मागे कुणी नसतं. अनेकांना ‘फट्’ असा आवाज येतो. गंमत अशी की पुढच्या काही मिनिटांत वेदना बरीच कमी होऊ शकते, माणूस लंगडत चालतो, बोटंही हलवतो, कारण पायातले दुसरे स्नायू तेवढं करू शकतात. एप्रिल २०१३ मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने कंडरा तुटल्यावरही दोन फ्री थ्रो (उभ्याने, कुणी न अडवता टाकायचे चेंडू) टाकले, दोन्ही आत गेले, आणि मग तो चालत बाहेर गेला. म्हणून ‘चालता येतंय म्हणजे मुरगळला असेल’ हा निष्कर्ष धोक्याचा. पहिल्या भेटीत हे निदान सुटण्याचं प्रमाण बरंच आहे.

तपासणी साधी आहे. पालथं झोपवून पाऊल पलंगाच्या बाहेर लोंबतं ठेवायचं आणि पोटरी हाताने दाबायची. कंडरा शाबूत असेल तर पाऊल खाली झुकतं. तुटली असेल तर ढिम्म. एवढं दिसलं तर तेल लावून चोळणं नको, गरम पट्टी नको, पाय मुरगळल्यावर ‘बसवून’ देणाऱ्याकडे जाणं तर मुळीच नको. पाऊल खालच्या दिशेला झुकलेलं ठेवून आधार द्या आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. उशीर होईल तशी तुटलेली टोकं दुरावतात.

शस्त्रक्रिया करावीच लागते?

बहुतेकांना वाटतं, तुटलंय म्हणजे शिवायलाच हवं. नॉर्वेत पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने याला चांगलंच उत्तर दिलं. एका गटाला बिनशस्त्रक्रिया उपचार, दुसऱ्याला नेहमीची शस्त्रक्रिया, तिसऱ्याला छोट्या छेदाची. वर्षाअखेर चालणं, धावणं, दैनंदिन कामं या मापांवर तिन्ही गट सारखेच निघाले. फरक होता तो इथे: बिनशस्त्रक्रिया गटात ६.२ टक्के लोकांची कंडरा पुन्हा तुटली, शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत ०.६ टक्के. उलट मज्जातंतूला इजा छोट्या छेदाच्या गटात ५.२ टक्के, नेहमीच्या शस्त्रक्रियेत २.८ टक्के आणि बिनशस्त्रक्रिया गटात ०.६ टक्के.

स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला पुन्हा तुटण्याची भीती सर्वांत मोठी, म्हणून तो शस्त्रक्रिया निवडतो, ते समजण्यासारखं आहे. पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या, हौसेने बॅडमिंटन खेळणाऱ्या माणसाची जखम भरण्याची अडचण लक्षात घेतली तर टाचेखाली पाचरी घातलेला आधाराचा बूट हा तितकाच योग्य मार्ग असू शकतो. मात्र तो निर्णय पहिल्या काही दिवसांतच व्हायला हवा. पुढे तो पर्याय उरत नाही.

वर्ष का लागतं?

दोन्ही मार्गांवर पुढचा प्रवास जवळपास एकच. पहिले सहा ते आठ आठवडे बूट, त्यात पाचरी एकेक करून कमी करत नेणं. पूर्वी पाय महिनोन् महिने प्लास्टरमध्ये ठेवत. आता बुटाच्या आधाराने लवकर वजन टेकू देतात. या काळात पोटरी किंवा पाय सुजून दुखू लागला, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता धरून तडक रुग्णालयात जा. साधारण तिसऱ्या महिन्यात नेहमीचा जोडा. मग दोन पायांवर टाचा उचलणं, मग एका पायावर. पळणं चौथ्या-पाचव्या महिन्याच्या पुढे, उड्या आणि दिशा बदलणं त्याहून उशिरा, सामना नऊ ते बारा महिन्यांनी.

सर्वांत जास्त घात होतो तो घाईने ताणल्यामुळे. घोटा आखडलाय म्हणून सुरुवातीलाच पोटरी जोरात ताणली तर जुळत असलेली कंडरा लांब होऊन भरते. लांब कंडरेचा स्नायू कितीही बळकट केला तरी टाच पूर्वीइतकी उंच उचलत नाही, आणि ही लांबी नंतर व्यायामाने कमी होत नाही. आखडलेपणा हळूहळू जाऊ द्या, तो तुमच्या फायद्याचा आहे.

१९८८ ते २०११ या काळात कंडरा तुटलेल्या १८ एनबीए खेळाडूंचा अभ्यास झाला, त्यांतले ७ जण त्या स्पर्धेत परतलेच नाहीत. दुसऱ्या बाजूला केव्हिन ड्युरंट आहे. जून २०१९ मध्ये कंडरा तुटली, पुढचा अख्खा हंगाम त्याने सोडून दिला, डिसेंबर २०२० मध्ये दीड वर्षाने उतरला आणि पूर्वीच्याच दर्जाने खेळला. त्याच्याकडे उत्तम उपचार होते हे खरं, पण त्याने दिलेला वेळ कुणालाही देता येतो. तारीख पाहून मैदानात उतरू नका, दुसऱ्या पायाशी तुलना करून उतरा.

टाळता येईल?

पूर्ण हमी कुणीच देऊ शकत नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ड्युरंट आणि हॅलिबर्टन दोघांचीही तुटण्याआधी त्याच पायाची पोटरी दुखावलेली होती. एकामुळे दुसरं झालं हे सिद्ध झालेलं नाही, तरी पोटरी दुखत असताना मोठा सामना खेळण्याचा धोका मी कुणाला घेऊ देणार नाही.

दुसरी गोष्ट, अचानक वाढ. महिनाभर काही नाही आणि मग सलग तीन रात्री टर्फ. किंवा सपाट रस्त्यावर सराव करून एकदम सातारा हिल मॅरेथॉनचा यवतेश्वर घाट. चढावर घोटा जास्त वाकतो आणि कंडरेवर जास्त ताण येतो, म्हणून चढाचा सराव महिन्या-दोन महिन्यांत थोडाथोडा वाढवत न्या. खेळण्याआधी अंग तापवा, हलकं धावा, छोट्या उड्या मारा. फक्त पोटरी ताणून उभं राहिल्याने ही दुखापत टळते याला भक्कम आधार नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन, ऑफ्लोक्सासिन या गटातली प्रतिजैविकं कंडरा कमकुवत करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला आहे. साठीनंतर आणि स्टिरॉइड चालू असताना हा धोका जास्त. आपल्याकडे पोट बिघडलं की हीच गोळी दुकानातून मागून घेतली जाते. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण ‘मी धावतो’ हे त्यांना सांगा, त्या काळात जोरदार खेळ टाळा, आणि टाचेमागे दुखू लागलं तर लगेच कळवा.

‘मग चाळिशीनंतर खेळणंच सोडावं का?’ मुळीच नाही. बसून राहिलेली कंडरा जास्त अशक्त असते. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच पूर्ण उंच उचलून बघा, किती वेळा जमतं ते. निरोगी तरुणाकडून साधारण २५ ची अपेक्षा असते, वयानुसार आकडा खाली येतो. दोन्ही पायांचा आकडा वेगळा लिहून ठेवा. एक पाय बराच मागे असेल, तर हंगाम सुरू होण्याच्या निदान बारा आठवडे आधी त्याच पायापासून सुरुवात करा.